नावाअगोदर काय लावायचं?

कंप्युटरवर दसऱ्याला वाहिलेलं आपट्याचं पान कार्तिकी पौर्णिमा तोंडावर आली तरी तिथंच होतं. वाळून त्याची गुंडाळी झाली होती, पण काढायचं कोणी? गुरुपादअप्पा म्हणायचे, लक्ष्मीला वाहिलेलं हाय, राहू द्या. त्यांच्या बायको नीलावतीबाई म्हणायच्या, लक्ष्मी येऊ तर द्या आधी, मग पान काढते. आणि जिच्या हट्टापायी हे यंत्र मांजरसुंब्याच्या घरात, दुकानामागच्या खोलीत येऊन बसलं होतं ती शिवांजली आईचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची. बोलणार काय? वेबसाईट लावून वर्ष होत आलं होतं आणि तिच्यावरून एक गिऱ्हाईक आलं असेल तर शपथ!

बापलेकीत सौदा ठरलेला होता. पौर्णिमेपर्यंत वेबसाईटवरून एक जरी मागणी आली, तर येसराचा धंदा घरातच राहील. नाही आली, तर अप्पांच्या धाकट्या भावानं, महांतेशकाकांनी, पुण्यात बघून ठेवलेल्या मसाल्याच्या कंपनीला हो म्हणायचं. मग कंपनी पुण्यात यंत्रावर येसर करणार आणि मांजरसुंब्यात अप्पांची थोरली बहीण महानंदाआत्या येसर भाजते ती भट्टी थंड होणार.

पौर्णिमा उद्या होती.

येसर म्हणजे काय हे ज्याला विचारावं लागतं, त्याला मराठवाड्यात मुलगी देताना माणसं दोनदा विचार करतात. तरी सांगते. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं आणि गरम मसाला हे सगळं वेगवेगळं भाजायचं, मग एकत्र दळायचं. त्या पिठाची आमटी करायची. लग्नाच्या पंगतीला ही आमटी नसली तर वऱ्हाडातली म्हातारी माणसं परतताना एसटीत बसून मुलीकडच्यांची अब्रू काढतात. भाजणं जरा पुढं गेलं तर कडू, जरा मागं राहिलं तर कच्चं. आत्याचं कधी पुढंमागं झालं नाही.

दर वर्षी कपिलधारच्या यात्रेच्या आदल्या दिवशी सगळं घर गोळा व्हायचं. पहाटे पायी निघायचं, मन्मथस्वामींचं दर्शन घ्यायचं, महाप्रसादाची आमटी आपल्या घरची द्यायची. यंदाही तसंच. महांतेशकाका पुण्याहून सकाळच्या गाडीनं आले होते. ते हातपाय धुऊन, कपाळाला भस्म लावून थेट मागच्या खोलीत आले आणि म्हणाले, “दाखव बरं, काय दिवे लावलेत ते.”

“वीज गेली तर दिवे बी दिसायचे न्हाईत,” नीलावतीबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

“आणि फोन अडकतो,” अप्पा म्हणाले. “हे इंटरनेट लावलं की दुकानाचा फोन मुका. परवा माजलगावचे व्यापारी तासभर फोन लावायले, लागंना. शेवटी गडी धाडला त्यांनी.”

“दहा मिनिटं फक्त, अप्पा.”

यंत्रानं किंकाळ्या फोडल्या, घरघर केली आणि मग गप्प झालं. हायवेवरचे धाबेवाले अर्जुनराव घरातल्यासारखेच. तेही येऊन दारात टेकले. त्यांच्या धाब्यावर एसट्या थांबतात आणि त्यांच्या काउंटरवर या घरचं येसर विकायला असतं.

पान उघडू लागलं. आधी फेटा दिसला. मग कपाळावरचं भस्म. मग मिशा. अप्पा खुर्चीत जरा सरळ झाले. त्यांचे वडील विश्वेश्वरअण्णा हळूहळू पडद्यावर उतरत होते आणि त्यांना घाई नव्हती. जिवंतपणीही नव्हती. अण्णांच्या खाली ‘श्री कपिलधार प्रसन्न’. त्याच्या खाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. मग ‘श्री विश्वेश्वर मसाले उद्योग, मांजरसुंबा’. मग विनीत, निमंत्रक, व्यवस्थापक, भाऊबंद, सोयरे, इष्टमित्र, शेवटी समस्त परिवार आणि कोपऱ्यात गणपती.

“ही तर लग्नपत्रिका झाली!” महांतेशकाका हसले.

हसण्यासारखंच होतं. वेबसाईट करायची ठरली तेव्हा अप्पांनी मजकुराचं काम बीडच्या छापखान्याला दिलं. छापखानेवाल्यानं जन्मभर पत्रिकाच छापल्या होत्या. त्यानं विचारलं, नावं कोणाकोणाची? इथून जे सुरू झालं ते महिनाभर थांबलं नाही. धाकट्या मामाचं नाव थोरल्याच्या वर गेलं म्हणून पान एकदा बदललं. केजच्या साडूंचं राहिलं म्हणून एकदा बदललं. कोणी रुसू नये म्हणून भर घालत घालत नावांची चाळण उलटी झाली, सगळंच वर राहिलं. मग त्या छापील कागदाचा फोटो काढून शिवांजलीनं वेबसाईटवर चढवला. तिनंच चढवला. तेव्हा तिलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे ती आज सांगायला तयार नव्हती.

“माझं नाव खाली गेलं का बे?” अर्जुनराव चष्मा लावून पुढं आले. “मागच्या टायमाला वर होतं.”

“भाऊबंद आधी, मग इष्टमित्र,” अप्पा म्हणाले.

“अर्जुनकाका, थांबा जरा. महांतेशकाका, तुम्ही असं समजा, तुम्ही परमुलखात आहात. येसर पाहिजे, पण कुठं मिळतं ठाऊक नाही. या शोधायच्या खिडकीत काय लिहाल?”

“येसर.”

शिवांजलीनं लिहिलं. यंत्र विचारात पडलं आणि मग एक यादी आली. कोणत्या तरी नाटकमंडळीचं पान, कोणा भलत्याच माणसाचं आडनाव, आणि कुठल्याशा परदेशातलं गाव.

“आपलं कुठंय?” अर्जुनराव म्हणाले.

“नाही.”

“आसं कसं? आत्ता तर अण्णा दिसले. दाखवीत कावून न्हाई?”

“काका, हे शोधणारं जे आहे ना, ते जगातली सगळी पानं वाचत हिंडतं. पण त्याला अक्षरं लागतात. फोटो कळत नाही. आपलं अख्खं पान म्हणजे पत्रिकेचा फोटो. त्याला तिथं नुसती कोरी भिंत दिसते.”

“मग अक्षरं कर,” अप्पा म्हणाले. “तेवढंच ना?”

“करीन. पण अप्पा, आता सगळ्यांनी बघा. या पानावर ‘येसर’ कुठं लिहिलंय?”

सगळे पुढं वाकले. अप्पांनी काचेवर बोट ठेवून वरून वाचायला सुरुवात केली. श्रीकृपेकरून झालं, विनीत झाले, व्यवस्थापक झाले, इष्टमित्रांपाशी बोट रेंगाळलं, समस्त परिवाराला ओलांडून गणपतीवर जाऊन थांबलं. येसर नव्हतं. कुठंच नव्हतं.

अर्जुनराव मांडीवर थाप मारून हसले. “लग्न हाय, पत्रिका हाय, मांडव हाय. नवरीच न्हाई!”

*

अप्पांना हसू आलं नाही. त्यांचं बोट अजून काचेवर होतं. वर्षभर जो येईल त्याला त्यांनी हे पान कौतुकानं दाखवलं होतं. कोणीच कसं बोललं नाही? बोलणार कसं, जो तो आपलंच नाव शोधत होता.

“आणखी एक गोष्ट आहे,” शिवांजली म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला. “नुसतं येसर लिहून भागत नाही. लोक काय म्हणून शोधतात ते कळायला पाहिजे. म्हणून मी धाब्यावर उभी राहिले होते.”

“व्हय की!” अर्जुनराव म्हणाले. “मला वाटलं, पोरगी खानेसुमारी करायलीय. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून इचारायचं.”

“मी एकच विचारत होते. मावशी, तुम्ही येसर घेताना काय म्हणून मागता? मामा, घरून काय आणायला सांगितलंय? लातूरचे होते, परळीचे होते, गेवराईचे होते. एका माणसानंसुद्धा ‘श्री विश्वेश्वर मसाले’ म्हटलं नाही, अप्पा.”

“मग काय म्हणायले?”

उत्तर अर्जुनरावांनीच दिलं. “काय म्हणणार? नंदाआत्याचं येसर. माझ्या काउंटरवर बी तसंच मागतात. मी बी तसंच देतो.”

“पानावर सगळ्यात वर तेच पाहिजे,” शिवांजली म्हणाली. “मोठ्या अक्षरांत. नंदाआत्याचं येसर. आणि बाकीची नावं काढायची.”

अप्पांनी काचेवरचं बोट काढून घेतलं.

लोकांना वाटलं असेल की त्यांना नावं काढायचा राग आला. तो आलाच, नाही असं नाही. पण आत दुसरंच काही ढवळलं होतं. त्यांना स्वतःच्या लग्नाची पत्रिका आठवली. छापखानेवाल्यानं अण्णांना विचारलं होतं, बहिणी किती? अण्णा म्हणाले होते, एकच हाय, लिहू नका. नावाअगोदर लावायचं काय? सौभाग्यवती लावावं तर नवऱ्यानं दुसरी करून हिला पत्र्याच्या पेटीसकट बसस्टँडवर आणून सोडलेली. विधवेचं गंगा भागीरथी लावावं तर तो जिवंत, धडधाकट, लातूर बाजूला दुकान चालवतोय. कुमारी तर नव्हेच. छापखान्याकडं जेवढे शब्द होते त्यांतला एकही महानंदाअक्काला लागत नव्हता. तेव्हा अप्पा पोरसवदा होते, गप्प बसले. नंतर महांतेशचं लग्न झालं, थोरल्या लेकीचं झालं. तेव्हा अण्णा नव्हते, सगळं अप्पांच्याच हातात होतं. तरी ते गप्पच बसले. वहिवाट पडली होती. आणि ज्या अक्कानं त्यांना काखेत घेऊन वाढवलं, त्या अक्काच्या हातची आमटी त्या प्रत्येक पंगतीत होती.

पण हे बोलायचं कसं? म्हणून ते वेगळंच बोलले. “आसं कसं लावता यील? लोक इचारतील, ही कोण? कुणाची कोण?”

“लोक विचारत नाहीत, अप्पा. लोकांना माहीत आहे. आपल्यालाच माहीत नाही.”

“शिवे!” नीलावतीबाई कडाडल्या. “बापाशी बोलायलीस.”

महांतेशकाकांनी खुर्ची पुढं ओढली. “दादा, मी काय म्हणतो, हा घोळच नको. कंपनीचा माणूस परवा येतोय. चांगली माणसं आहेत. वहिनी, तुम्हीच सांगा, रोज घरात हा धूर, हा ठसका.”

“ते खरं हाय,” नीलावतीबाई म्हणाल्या. “भट्टीपायी भिंती काळ्या झाल्या. वन्संचं वय झालं. रात्री हात चेपत बसतात, सांगत न्हाईत कोणाला. आता त्यांना आराम नको का?”

“तेच. अक्काला आराम,” महांतेशकाका म्हणाले.

एका दमात दीर-भावजय एक झाले. एरवी दिवाळीच्या फराळावरूनही त्यांचं पटत नसे.

*

महानंदा पाठीमागच्या पडवीत बाजरी भाजत होती. खिडकी उघडी होती. ऐकू येत होतं सगळं, पण हात थांबवता येत नव्हता. बाजरी थांबत नसते.

तिला त्या यंत्राचं भारी कुतूहल. दुपारी सगळे झोपले की ती शिवांजलीजवळ जाऊन बसायची. हे जगातली पानं वाचतं म्हणतीस, मग थकत न्हाई का? वाचलेलं ध्यानात ठेवतं का? आन कोणी खोटं लिहिलं तर? शिवांजली म्हणायची, आत्या, तुला जेवढे प्रश्न पडतात तेवढे आमच्या क्लासच्या सरांना पण पडत नाहीत. एकदा तिनं विचारलं होतं, याला समजा माणूस हुडकायला सांगितलं तर? शिवांजलीनं हळूच विचारलं, कोणाला हुडकायचंय, आत्या? तशी ती पदरात तोंड घालून हसली होती. मला न्हाई गं कोणी हुडकायचं. उगं इचारलं.

आता तिनं बाजरी परातीत ओतली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पदराला हात पुसत खोलीत आली. 

“अक्का, बस,” महांतेशकाका म्हणाले. “तुलाच विचारतो. किती वर्षं धुरात बसणार? आता आराम कर.”

“आराम म्हंजी काय करायचं?”

“काही नाही करायचं.”

“आन जेवायचं?”

“हे काय विचारणं? घर तुझं आहे.”

“घर माझं हाय,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “पण बाबा, माझं ताट कामावर मांडलेलं हाय. येसर हाय म्हणून मी हितं आत्या हाय. येसर गेलं की मी कोण? नवऱ्यानं टाकलेली बहीण. दोन वक्ताला जेवाया बसणारी.”

“वन्सं, आसं कावून म्हणता?” नीलावतीबाईंना लागलं ते. “मी कधी शब्द बोलले का तुमाला?”

“न्हाई बोललीस. बोलायची पाळीच येऊ दिली न्हाई मी. म्हणून तर हात चेपत बसले.”

नीलावतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चहाची कपबशी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

महांतेशकाका गडबडले. ते वाईट माणूस नव्हते. बहिणीला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायला गेले आणि नको ते बोलून बसले. “अगं अक्का, तुझं नाव कुठं जातंय? उलट सगळीकडं होईल. पाकिटावर तेच तर येणार आहे!”

“कोणतं नाव?”

“नंदाआत्या.” आता मागं फिरता येत नव्हतं. “कंपनीला तेच पाहिजे. ते म्हणतात, येसर काय, कोणीपण करील. नाव पाहिजे. मागं एका बाईचं चित्र टाकणार, नऊवारीतल्या. पुण्यातलीच कोणीतरी बघतील.”

खोलीत बाहेरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येऊ लागले. अर्जुनरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“हे तू मला सांगितलं न्हाईस,” अप्पा भावाला म्हणाले.

“सांगणार होतो, दादा.”

महानंदा पडद्याकडं वळली. अण्णांचा फेटा, अण्णांच्या खाली ओळीनं सगळी. तिला अक्षरं लावून लावून वाचता यायचं. तिनं हे पान मागंच वाचून काढलं होतं, एका दुपारी, आणि काही बोलली नव्हती.

“महांतेशा, कंपनी माझ्या नावाअगोदर काय लावणार हाय?”

“अगोदर? काही नाही. नुसतं नंदाआत्या.”

“सौभाग्यवती न्हाई?”

“नाही.”

“गंगा भागीरथी?”

“अक्का...”

“कायीच न्हाई लावलं तरी चालतंय तर.” ती अप्पांकडं वळली. “मग गुरुपाद, तुमाला समद्यांना इतकी वर्सं कावून जड गेलं रं? पत्रिकेत लावाया माझं नाव सापडंना. आन इकाया बरं सापडलं!”

अप्पा उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

“शिवांजली,” ते म्हणाले, “काढ.”

“काय, अप्पा?”

“समदी नावं काढ. माझं काढ. अण्णांचं बी काढ.”

“आणि माझं?” अर्जुनराव म्हणाले.

“तुझं आधी काढ म्हणतो!”

“हां, मग ठीक हाय,” अर्जुनराव टोपी घालत म्हणाले. “एकट्याचं काढलं असतं तर रुसलो असतो.”

नीलावतीबाई डोळे पुसता पुसता फसकन हसल्या. महांतेशकाका मात्र गंभीर होते. “दादा, भावनेच्या भरात ठरवू नको. परवा तो माणूस येतोय. आणि हिची मुदत उद्या संपते. नाव बदललं म्हणून कोणी येईलच याचा काय भरवसा?”

“मुदत मी घातलती, मीच मोडली. आन त्या माणसाला काय सांगायचं ते अक्काला इचार. नाव तिचं हाय.”

हे असं कोणी विचारायची महानंदाला सवयच नव्हती. ती जरा गोंधळली. मग तिनं शिवांजलीला विचारलं, “समजा लावलं माझं नाव. आन कोणी आलंच न्हाई तर?”

“तर नाही आलं, आत्या. मी खोटं सांगणार नाही. त्या यंत्राला आपलं पान वाचायलाच महिना-दीड महिना लागतो. मग ते बघतं, वाचणाऱ्याच्या उपयोगाचं इथं काही आहे का. असलं तर वर आणतं, नसलं तर खाली टाकतं. नुसतं नाव लावून लबाडी चालत नाही.”

“म्हंजी माणसासारखंच हाय की.” तिचे डोळे चमकले. “मग लाव. महांतेशा, त्या माणसाला ये म्हणावं, जेवून जा म्हणावं. पण नाव मिळायचं न्हाई. मला बघायचंय, मला कोण हुडकतंय ते.”

त्यानंतर त्या खोलीत जे झालं ते या घरात आधी कधी झालं नव्हतं. महानंदा खुर्चीवर बसली आणि बाकीचे उभे राहिले. शिवांजलीनं विचारलं, काय लिहू? आत्या म्हणाली, बसमधल्या बाया मला काय इचारतात ते लिही. आमटी पातळ झाली तर काय करायचं? गुठळ्या कशानं होतात? पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं का गरम? मूल लहान असलं तर तिखट किती? ती सांगत गेली, शिवांजली लिहीत गेली. फोटो नाही, साधी अक्षरं, आणि खाली दुकानाचा फोन नंबर.

“अक्का, कृतीच देऊन टाकतेस की!” महांतेशकाका कळवळले. “मग विकत कोण घेईल?”

“आमटीची कृती देते. भाजायची न्हाई देत. ती सांगून येत न्हाई, ती नाकात असती.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “तू एवढा शिकलेला हाईस, गुठळ्या कशानं होतात ठाऊक हाय का?”

“नाही,” काका म्हणाले. आणि काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. “सांग, कशानं होतात?”

*

कंपनीचा माणूस आला, दोन वाट्या आमटी ओरपून, नारळ घेऊन परत गेला. महांतेशकाकांनीच त्याला हात जोडले. पुण्याला गेल्यावर त्यांनी ओळखीतल्या एका मराठवाडा मंडळाला गाठलं आणि त्यांच्या पानावर चार ओळी लिहून घेतल्या की असं असं येसर मांजरसुंब्याला मिळतं, पान इथं बघा. दुसऱ्यानं आपलं नाव घेतलं की त्या यंत्राचा भरवसा वाढतो, असं शिवांजलीनं सांगितलं होतं. “सोयरिकीत बी तसंच असतंय,” अप्पा म्हणाले. “आपण आपली तारीफ करून कोण पोरगी देतं?”

दिवस जात राहिले. शिवांजली रोज दुपारी खिडकीत येसर लिहायची. नाटकमंडळी तिथंच, भलतं आडनाव तिथंच. आत्या लांबूनच भुवई उडवायची, ही मान हलवायची. मग एका दुपारी यादीच्या पार बुडाशी ‘नंदाआत्याचं येसर’ असं दिसलं. शिवांजली अशी ओरडली की नीलावतीबाई लाटणं घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. पुढं ते वर सरकत गेलं. संक्रांतीच्या तोंडाला नाटकमंडळी खाली गेली. तरी कोणाचं काही आलं नाही. आत्यानं विचारणं सोडून दिलं होतं. ती भाजायची, दळायची, अर्जुनरावांकडं माल जायचा आणि शिवांजली तिची नजर चुकवायची.

“इंटरनेट काढ गं, फोन येऊ दे जरा!” एकदा दुपारी अप्पा ओरडले. तिनं काढलं आणि तेवढ्यात फोन खणाणला.

“श्री विश्वेश्वर मसाले,” अप्पा सवयीनं म्हणाले.

पलीकडून बाईचा आवाज आला, खरखरत, लांबून. “हे नंदाआत्याचं घर हाय का?”

“हाय. बोला. काय पायजे?”

“मी मस्कतहून बोलायले. मूळची माजलगावची. माहेरून आणलेल्या येसराची आमटी जमंना, म्हणून इंटरनेटवर हुडकत होते, तर आत्याचं पान निघालं. माहेरचीच आठवण आली बघा. आत्या हायत का? मला त्यांच्याशीच बोलायचंय.”

“अक्का!” अप्पांनी हाक मारली. “अक्का, तुला फोन हाय.”

“मला?” महानंदा पडवीतून म्हणाली. “भलतंच. दुसऱ्या कोणाचा आसल.” या घरात फोन बसवला त्याला वर्षं झाली होती. तिनं तो कितीदा उचलून दिला होता, पुसला होता, त्यावर खण घातला होता. तिच्यासाठी तो कधी वाजला नव्हता.

ती आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. धरायचा कसा? नीलावतीबाईंनी रिसीव्हर आपल्या हातात घेतला आणि वन्संच्या कानाला लावून उभ्या राहिल्या. शिवांजली कंप्युटरजवळून हललीच नाही.

“हॅलो,” पलीकडून आवाज आला. “कोण बोलतंय?”

कोणी विचारलं तर ती नेहमी म्हणायची, गुरुपादअप्पाच्या घरून. आजही तेच ओठावर आलं होतं. तिनं भावाकडं पाहिलं. अप्पांनी काही खूण केली नाही, नुसते बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

“मी महानंदा बोलायले,” ती म्हणाली.

पलीकडची बाई काहीतरी भराभर सांगू लागली. महानंदा मान हलवत ऐकत राहिली, ऐकता ऐकता तिच्या तोंडावर हसू आलं.

“थंड पाण्यात,” ती म्हणाली. “गरम पाण्यात कालवलं आसल तुमी, म्हणून गुठळ्या झाल्या. आता सांगा, किती धाडू?”